मोठ्या कंपनीची संशोधन प्रयोगशाळा की कंत्राटी उत्पादकाचा कारखाना?

नागपूरहून कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीची पदवी घेतलेल्या माझ्या भाचीपुढे दोन नोकऱ्या आहेत: एक मुंबईतील मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात, दुसरी इतरांच्या ब्रँडसाठी माल बनवणाऱ्या वसईच्या कंत्राटी कारखान्यात.

पगार पहिल्या ठिकाणी अधिक आहे, यात वाद नाही. शिकण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मोठ्या प्रयोगशाळेत एकाच शाम्पूवर वर्ष जाऊ शकते. माल किती टिकतो हे पाहण्यासाठी ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या नमुन्यांचा सामू, दाटपणा आणि वास ठरलेल्या दिवशी नोंदवावा लागतो, आणि त्यातून नोंदींची शिस्त अंगी बाणते. कंत्राटी कारखान्यात आठवड्याला दोन-तीन नवी क्रीम हाताखालून जातात, आणि अर्ध्या लिटरच्या बीकरमध्ये उत्तम जमलेले इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण, पाचशे किलोच्या टाकीत सावकाश थंड होताना का फुटते, हे तिथेच उमगते. अर्थात ग्राहकाला नमुना कालच हवा असतो, त्यामुळे रविवारही हातचा जातो.

ज्याला पुढे पीएच.डी. किंवा त्वचेवरील परिणामांच्या चाचण्यांकडे वळायचे आहे, त्याने पहिली नोकरी घ्यावी. ज्याला स्वतःचा ब्रँड काढायचा आहे, त्याने दुसरी. भाचीने साबणाचे नावसुद्धा ठरवून ठेवले आहे, म्हणून मी तिला वसईच सुचवली.