स्क्लेरल लेन्स, ११ महिन्यांनंतर: लेन्स भारी, पण जीव त्या रबरी प्लंजरात

हा रिव्ह्यू मी सहा महिने झाल्यावर लिहिणार होते, तेव्हा लिहिला असता तर त्यात नुसत्या शिव्या असत्या. आता अकरा महिने झालेत आणि मागच्या आठवड्यात चाळीसगावला मामाकडे रात्री जो तमाशा झाला त्यानंतर म्हटलं आता लिहूनच टाकू.

केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, याहून जास्त सांगत बसत नाही, ज्याला झालाय त्याला पाठ असतं. माझे आकडे एवढेच: उजवा केमॅक्स (शंकूच्या सगळ्यात तीव्र वळणाचा आकडा) ५८, डावा ५२, उजव्याचं क्रॉसलिंकिंग २०२२ मध्ये. सीएच्या ऑफिसात काम करते, जीएसटीच्या शीटमध्ये ३, ६ आणि ८ सख्खे भाऊ दिसायला लागले आणि रात्री स्कूटीवर समोरून येणाऱ्या एका बाईकला चार दिवे, तेव्हा कळलं की दर सहा महिन्यांनी चष्म्याचा सिलिंडर नंबर बदलून काही होणार नाही. क्रॉसलिंकिंगबद्दल एकच सांगते, त्याने नजर सुधारत नाही. बी-टू व्हिटॅमिनचे पिवळे थेंब अर्धा तास, मग यूव्ही लाइट अर्धा तास, मग तीन दिवस डोळ्यात कांदा, कांदा कसला मिरच्यांचं पोतं, आणि एवढं सोसून काय तर शंकू आहे तिथे थांबतो. पण थांबला. तीन वर्षांत रीडिंग हललं नाही, त्यामुळे त्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

मधे दोन वर्षं आरजीपी, म्हणजे छोट्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स, वापरल्या. स्वस्त, पण ती लेन्स बरोबर शंकूच्या टोकावरच बसते आणि उन्हाळ्यात इथे नाशिकला द्वारका सर्कलला धुळीचा एक कण आत गेला की गाडी बाजूला लावून रडत बसा. स्क्लेरलचं तसं नाही, ती पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही, मधल्या जागेत सलाईन भरलेलं. जोडीचे ६२,००० झाले. बाबा म्हणाले, एवढ्यात बरी सेकंडहँड स्कूटी आली असती. पण चष्म्याने ६/३६ दिसणाऱ्या डोळ्याला ६/९ दिसायला लागलं, घरी आल्यावर पहिल्यांदा मला काय दिसलं तर पंख्यावरची आणि कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं. आईला सांगितलं तर ती म्हणे, "दिसायला लागलं ना, मग काढ आता."

इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता लावायची कसरत. लेन्समध्ये सलाईन शिगोशीग भरायचं, मान एवढी खाली घालायची की चेहरा जमिनीला समांतर, आणि एक थेंब न सांडता ती वाटी डोळ्याला लावायची. बुडबुडा राहिला की काढा, धुवा, परत भरा. पहिल्या आठवड्यात मला एका डोळ्याला चाळीस मिनिटं लागायची, ऑफिसला रोज लेट, आता दोन्ही मिळून चार मिनिटं. बेसिनच्या जाळीवर आधी नॅपकिन टाकायचा हे मी पस्तीस वेळा सांगीन, कारण ३१,००० रुपये पाइपात जाताना मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणजे अंधुक पाहिलेत. बाबांनी बेसिनखालचा बाटलीसारखा भाग उघडून लेन्स काढली, ओरखडाही नव्हता, नशीब. नळाच्या पाण्यातून आलेली म्हणून ती सरळ डोळ्यात घातली नाही, क्लिनिकमध्ये नेऊन साफ करून घेतली. अकँथामीबा म्हणून एक जंतू पाण्यातून कॉर्नियात शिरतो, त्याची भीती माझ्या मनात पक्की बसवलेली आहे.

सलाईनची कंजुषी मी केली आणि माझीच चूक. लेन्ससाठी बिनप्रिझर्व्हेटिव्हचंच सलाईन लागतं. क्लिनिकवाले देतात ते महाग वाटलं म्हणून मेडिकलमधून शंभर मिलीची सलाईनची बाटली आणली आणि तीच उघडी बाटली फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभर पुरवली. दहाव्या दिवशी डोळा लालबुंद. डॉक्टरांनी जे सुनावलं ते लिहीत नाही. चार दिवस लेन्स बंद, चार दिवस परत ३-६-८. आता छोट्या सिंगल युजच्या प्लॅस्टिक अँप्युल घेते, उरलेलं फेकून देते, देताना जीव जळतो, पण देते.

क्लिनिकशी भांडण झालं त्याबद्दल. उजवी लेन्स पहिल्यापासून टाइट होती, संध्याकाळी काढली की पांढऱ्या भागावर बांगडी रुतल्यासारखी गोल खूण. दोनदा सांगितलं, दोनदा उत्तर एकच, "मॅडम, सेटल होईल." नव्वद दिवसांत बदल फुकट असं पावतीवर होतं आणि मला अपॉइंटमेंट मिळाली चौऱ्याण्णवाव्या दिवशी. मग म्हणतात, चार्ज लागेल. पंचवटी पकडून मुंबईला जायचं, एक रजा घालवायची आणि वर हे. मी काउंटरवर व्हॉट्सॲपच्या तारखा दाखवत उभी राहिले, मागे रांग लागली, शेवटी अर्ध्या पैशात लेन्स बदलून मिळाली. यासाठी एक स्टार कापणार होते. पण नवीन लेन्सची कड त्यांनी खरंच सुंदर बसवली, ओसीटीवर (डोळ्याचा आडवा छेद दाखवणारं स्कॅन) लेन्स आणि कॉर्नियामधला गॅप दाखवला, बांगडी गेली, त्यामुळे अर्धाच कापते. तुम्ही मात्र पहिल्या महिन्यातच लेखी तक्रार करा.

फॉगिंग अजून आहे. पाच-सहा तासांनी दुधात बघितल्यासारखं होतं, लेन्सखालच्या पाण्यात कचरा साचतो. दुपारी जेवणानंतर काढून परत भरायची. ऑफिसात आधी सगळे विचारायचे, आता कोणी विचारत नाही.

आणि आता प्लंजर. लेन्स काढायला बोटभर रबरी वस्तू असते, तोंडाला छोटी वाटी, ओली करून लेन्सच्या खालच्या कडेला चिकटवायची आणि हळूच उचलायची. मधोमध लावली तर लेन्सबरोबर डोळाही येतोय असं वाटतं. गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असतो तसा माझा जीव ह्या प्लंजरात आहे. चाळीसगावला हळदीच्या रात्री साडेअकराला पाउच उघडलं तर प्लंजर नाही. नाशिकला बेसिनवर राहिलेला. लेन्स घालून झोपायचं नाही, मेडिकल बंद, आणि त्यांच्याकडे असता तरी कुठे. मामी टॉर्च धरून उभी, मामा म्हणतो पुण्याला कळवू का, जसं काही पुण्याहून कोणी येणार होतं. मामाचा नातू धावत गेला आणि खेळण्यातल्या बंदुकीचा रबरी टोकाचा बाण घेऊन आला. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मामी म्हणाली, "खबरदार. त्यो भिंतीवरची पाल पाडतो त्यानं."

ट्रेनिंगला एकदा बोटांनी काढायची रीत दाखवली होती, आठवून आठवून केलं. भरपूर सलाईन टाकून लेन्स जरा सैल केली, वर बघत खालच्या पापणीवरून कडेपाशी दाबलं की हवा आत शिरते आणि पापणीच्या कडेने लेन्स उचलायची. डावी वीस मिनिटांत निघाली. उजवी, म्हणजे ती अर्ध्या पैशात बदललेली सुंदर बसणारी, पावणेदोनला. हातांना हळदीचा वास, मी चार वेळा साबणाने धुतले तरी. डोळा चुरचुरत होता आणि चोळायचा तर नाहीच, लहानपणी आई "डोळे चोळू नकोस" म्हणून हातावर मारायची तेव्हा मला वाटायचं उगाच, ॲलर्जीने खाज यायची आणि मी चोळायचे तासन्‌तास. चोळण्याने हा आजार वाढतो हे मोठेपणी डॉक्टरांनी सांगितलं, आईने अजून एकदाही "बघ" म्हटलेलं नाही.

एवढ्या महागाच्या लेन्ससोबत प्लंजर एकच देतात, दुसरा मागितला तर वेगळे पैसे, हे मला अजून पटत नाही. परवा मी पाच एकदम मागवले. एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक बाबांच्या पाकिटात, ते नको नको म्हणत असताना, एक घरी. पाचवा मामीकडे कुरिअर केला. तिचा फोन आला, देवघराच्या खणात ठेवलाय म्हणे, पोरांचा हात पोचत नाही तिथे.