एमएसपी (मेडिकल सर्व्हिसेस प्लॅन) : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नव्याने येणाऱ्यांनी आधी तारीख बघा

नवऱ्याच्या वर्क परमिटवर आम्ही तिघं २ सप्टेंबरला व्हँकुव्हरला उतरलो आणि जवळच्या सरे शहरात भाड्याने राहायला लागलो. पुण्यातल्या व्हिसा एजंटने सांगितलं होतं, "कॅनडात दवाखाना फुकट, विमा कशाला?" आम्ही विश्वास ठेवला.

या प्रांताची सरकारी आरोग्य योजना म्हणजे एमएसपी. परमिट सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचं असलं की अर्ज करता येतो, पण कव्हर लगेच सुरू होत नाही. आलात तो महिना संपेपर्यंत थांबायचं आणि पुढचे दोन महिने आणखी. आमचं १ डिसेंबरला सुरू झालं. नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब २९ ऑगस्टला आलं, त्यांचं १ नोव्हेंबरला. चार दिवसांच्या फरकाने अख्खा महिना! दिवस मोजून ९० केले असते तर कुणाची तक्रार नव्हती.

ऑक्टोबरात लेकीचा कान रात्रभर ठणकत होता. सकाळी वॉक-इन क्लिनिकात (अपॉइंटमेंट लागत नाही असा दवाखाना) गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आधी पर्सनल हेल्थ नंबर (एमएसपीत नोंद झाल्यावर मिळणारा नंबर) विचारला. नाही म्हटल्यावर चिठ्ठीवर आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला : १३० डॉलर. औषधाचे वेगळे. लेक मांडीवर कण्हत होती आणि मी मनात रुपये करत होते.

डिसेंबरात तोच कान, तेच काउंटर. या वेळी नंबर सांगितला, डॉक्टरांनी नीट वेळ देऊन तपासलं, आणि बाहेर येताना कुणी पैसे मागितले नाहीत. तिथेच डोळे भरून आले. २०२० पासून याचा हप्ताही नाही (परदेशी विद्यार्थ्यांना मात्र महिन्याला ७५ डॉलर भरावे लागतात). म्हणून एमएसपीला माझ्याकडून पाचपैकी चार गुण.

औषधं, दात यात येत नाहीत. औषधांसाठी फेअर फार्माकेअर या प्रांताच्या योजनेत वेगळी नोंदणी करा. एमएसपीचा अर्ज इथे आल्या आल्याच टाका, तीन महिने संपायची वाट बघू नका. मोठ्यांना कार्डावरच्या फोटोसाठी आयसीबीसीच्या (प्रांताची सरकारी वाहन विमा कंपनी) ड्रायव्हिंग लायसन्स ऑफिसात जावं लागतं. थांबायच्या काळात भारतात लांबची चक्कर नको : एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर मुदत पुढे जाऊ शकते. नंतरही वर्षातले निदान सहा महिने इथे राहायला हवं, असा साधारण नियम आहे. सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) येणाऱ्या आई-बाबांना एमएसपी मिळत नाही. त्यांना किमान १ लाख डॉलरचा खासगी विमा काढावाच लागतो, आणि वय बघता तो स्वस्त पडत नाही. तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा.

माझ्या मावसबहिणीने इथे यायला १ मार्चला पोचणारं विमान घेतलं होतं. मी त्याच रात्री फोन केला. आता ती २७ फेब्रुवारीला उतरतेय, म्हणजे १ जूनऐवजी १ मेपासून तिच्या दोन्ही पोरांना कव्हर. मधल्या दोन महिन्यांचा विमाही तिला निघायच्या आधीच काढायला लावलाय.