घरी येऊन रक्त नेणारी लॅब: हात हलका, घड्याळ ढिलं

आधी चांगलं लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात सैल सोडता येईल.

रक्त काढणारा मुलगा उत्तम आहे. माझी किडनी बदललेली आहे, आणि डाव्या हाताला डायलिसिसच्या काळातला फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) आहे; त्या हातातून रक्त काढत नाहीत. त्या मुलाने फिस्टुला पाहिला आणि मी न सांगता उजवा हात मागितला. शीर शोधत टोचाटोची नाही. जांभळ्या झाकणाची नळी भरली की हलक्या हाताने आठ-दहादा उलटी-सुलटी करतो, नाव लिहितो, बर्फाच्या पेटीत ठेवतो. किडनी बदललेल्यांची प्रतिकारशक्ती औषधानेच दाबून ठेवलेली असते, तेव्हा खोकणाऱ्या रांगेत न बसणं हीच मोठी सोय.

आता घड्याळ. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं माझं औषध; त्याची रक्तातली लेव्हल कधीही काढून चालत नाही. रात्री आठला गोळी घेतली तर सकाळी आठला, पुढच्या गोळीच्या आधी रक्त द्यायचं. लेव्हल कमी पडली तर शरीर किडनी नाकारू शकतं. वाढली तर तेच औषध किडनीला बाधतं, वर हातही थरथरतात. आणि यांच्या ॲपवर स्लॉट काय, तर 'सात ते नऊ'! नऊ वाजून गेल्यावर फोन येतो, "काका, नवले पुलाला अडकलोय." मी गोळी हातात धरून बसलेलो. कॉल सेंटरच्या ताई म्हणतात, "सर, थोडाच उशीर झालाय." उपाशी आहात का, हे दोनदा विचारतात, शेवटची गोळी कधी घेतली, याला फॉर्मवर रकानाच नाही. मीच कोपऱ्यात पेनाने लिहितो.

म्हणून मला बोटाच्या थेंबाची पद्धत हवी आहे. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनच्या विद्यापीठ रुग्णालयाने ती वापरून पाहिली आहे: घरीच बोट टोचायचं, कार्डावर थेंब वाळवायचा, टपालात टाकायचा. बायकोला मधुमेह, त्यामुळे लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, आमच्या घरात रोजचीच. पण ग्लुकोमीटरसारखा आकडा लगेच मिळत नाही. थेंब लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासावा लागतो. बोट फार पिळलं तर रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं, थेंबावर थेंब पडला तर कार्ड बाद. रक्त पातळ, म्हणजे लाल पेशी कमी असलेलं, असेल तर थेंब जास्त पसरतो आणि आकडा हलतो. त्यासाठी नेमकं २० मायक्रोलिटर रक्त शोषणारं टोक असलेली काडीही निघाली आहे. पोटॅशियमसाठी मात्र शिरेतूनच रक्त द्यावं लागेल, कारण वाळताना पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं.

एवढ्या अटी सांभाळायची माझी तयारी आहे. आठ म्हणजे आठला टोचेन, कुरियर दुपारी आला तरी चालेल.

तूर्त पाचपैकी तीन तारे, तेही त्या मुलाचे. बुकिंग करणारच असाल तर स्लॉट नको, त्या दिवसाचं पहिलं घर मागा. रक्त निघेपर्यंत गोळी घेऊ नका, आणि नळीत रक्त खरोखर किती वाजता गेलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.