कंपनीची माहिती देणारं पेड सबस्क्रिप्शन: एमबीएच्या प्रोजेक्टभर वापरल्यानंतर

न विचारता रिन्यूअलचे पैसे कापले गेले, म्हणून हे लिहितेय. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत: दहा वर्षांचे आकडे, रेशो (नफा, कर्ज वगैरेंची तयार गुणोत्तरं), एक्सेल डाउनलोड. सुरुवातीचे काही महिने मी खूश होते. तयार रेशो मिळाले की कितीतरी संध्याकाळी वाचतात.

माझा विषय होता टाटा मोटर्स (२०२५ मध्ये दोन कंपन्यांत विभागली जाण्याआधीची), आणि तिथेच घोळ उघडा पडला. डाउनलोड केलेल्या एक्सेलमध्ये काही वर्षांचे आकडे स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे), काहींचे कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून सगळ्या समूहाचे), आणि कुठला कोणता हे कुठेच लिहिलेलं नाही! या कंपनीत हे चालवून घेण्यासारखं नाही. २०२२-२३ चं कन्सॉलिडेटेड उत्पन्न सुमारे ३.४६ लाख कोटी रुपये, स्टँडअलोन सुमारे ६६ हजार कोटी. २००८ मध्ये फोर्डकडून घेतलेल्या जॅग्वार लँड रोव्हरची विक्री फक्त पहिल्या आकड्यात येते. शिवाय जानेवारी २०२२ पासून प्रवासी गाड्यांचा धंदा वेगळ्या उपकंपनीत गेला, त्यामुळे स्टँडअलोनमध्ये मुख्यतः ट्रक आणि बसच उरल्या. असे दोन आकडे एका ओळीत शेजारी ठेवून वाढीचा दर काढला, तर त्याला काडीचा अर्थ राहत नाही. आणि साइट तोच दर हिरव्या-लाल बाणांसह दाखवते.

कस्टमर केअरला स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, 'डेटा बाहेरच्या पुरवठादाराकडून येतो.' मग वर्गणी कशाची घेता? दुरुस्ती झाली नाही.

शेवटी बीएसईच्या साइटवरून वार्षिक अहवाल उतरवले. फुकट. दोन्ही ताळेबंद वेगवेगळे, स्पष्ट मथळ्यांसह. मी आधी सेगमेंटची (धंद्याच्या वेगवेगळ्या विभागांची) टीप वाचते, कारण नफा नक्की कुठून येतो ते तिथे कळतं. मग संबंधित पक्षांशी (उपकंपन्या, संचालक वगैरेंशी) झालेले व्यवहार, संभाव्य देणी (पुढे कदाचित भरावी लागतील अशी) आणि ऑडिटरने मांडलेल्या ऑडिटमधल्या महत्त्वाच्या बाबी. अध्यक्षांचं पत्र सगळ्यात शेवटी.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात रिफंड आला, तोही पूर्ण. म्हणून एक स्टार वाढवतेय. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी: कॉन्कॉलच्या (व्यवस्थापन आणि विश्लेषकांच्या तिमाही फोन-बैठकीच्या) ट्रान्सक्रिप्टमधला त्यांचा शब्दशोध उत्तम आहे. 'सेमीकंडक्टर' टाकलं की कुठल्या तिमाहीत व्यवस्थापन काय म्हणालं ते लगेच सापडतं. आकड्यांसाठी मात्र साइट उघडू नका.

प्रोजेक्टमध्ये सुटे भाग पुरवणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्याही असतील तर ही साइट जवळपास रिकामी आहे. आधी सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) पाहा: पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर अनलिस्टेड. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की अशा कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. एओसी-४ या फॉर्ममध्ये ताळेबंद, एमजीटी-७ मध्ये भागधारक. पोर्टल रडवतं, पण कागद अस्सल असतो.

त्याआधी क्रिसिल, इक्रा, केअर या कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या रेटिंग एजन्सींच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून पाहा. बँकेचं कर्ज असलेल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांचं रेटिंग झालेलं असतं आणि त्यामागची कारणं दोन-चार पानांत मोफत मिळतात: एकाच ग्राहकावर किती भिस्त आहे, उधारी किती दिवसांनी वसूल होते, बँकेने मंजूर केलेली कर्जाची मर्यादा किती वापरली जाते. प्रोजेक्टमधलं पुरवठादारांवरचं माझं अख्खं प्रकरण यातूनच उभं राहिलं. रेटिंगपुढे 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' दिसलं, तर कंपनीने एजन्सीला माहिती दिलेली नाही असं समजा आणि त्यातले आकडे कुठल्या वर्षाचे आहेत ते तपासूनच वापरा.