जुना आग्रा-बॉम्बे रोड शोधायला आठ महिने काय काय वापरलं

इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, म्हणजे रोजचं येणंजाणं एबी रोडनंच, आणि खरं सांगतो चाळिशी आली तरी हा एबी म्हणजे आग्रा-बॉम्बे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाबा लहानपणी बसनं धुळ्याला आजोळी जायचे, घाटात बस थांबवून रेडिएटरला पाणी घालायचे वगैरे, तो रस्ता आताच्या फोरलेनहून वेगळा होता असं ते नेहमी म्हणतात. म्हटलं शोधू या. गेले आठ महिने सुट्टी मिळाली की बाईक काढतो, मावसभाऊ मागे बसतो, आणि महू, मानपूर, गुजरी, धामनोद, खलघाट करत सेंधव्यापर्यंतचा पट्टा तुकड्यातुकड्यानं पालथा घातला.

सुरुवात चुकीची झाली. एक रोड ट्रिप प्लॅन करायचं ॲप घेतलं, नाव नाही घेत, वर्षाचे १२०० रुपये गेले. त्यातला 'हेरिटेज रूट' म्हणजे मांडू आणि महेश्वरला एकेक पिन, बाकी पूर्ण वेळ फोरलेन. जुन्या रस्त्याला वळलो रे वळलो की यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या. तिसऱ्या ट्रिपला काढून टाकलं.

खरं काम झालं ते फुकटच्या गोष्टींवर. अमेरिकन लष्करानं १९५०च्या दशकात भारताचे नकाशे छापले होते, यू-५०२ नावाची सिरीज, स्केल १:२,५०,०००, आणि टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीनं ते स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. इंदूरचं शीट उघडलं आणि रात्रीचा एक वाजला, बायकोनं दोनदा येऊन लाइट बंद केला. आताचे बायपास नाहीत, फोरलेन नाही, फक्त ती एक लाल रेघ महूवरून खाली नर्मदेकडे उतरत गेलेली.

ते शीट गुगल अर्थ प्रोमध्ये (२०१५पासून फुकट आहे) इमेज ओव्हरले म्हणून (म्हणजे आताच्या नकाशावर चढवलेलं चित्र) टाकायचं आणि ट्रान्स्परन्सी कमीजास्त करत बसायचं, मग कुठे नवा रस्ता सरळ गेलाय आणि जुना बाजूला वळण घेऊन गावात शिरतो ते आपोआप दिसतं. पण शीट जुळवताना एक चूक मी केली ती तुम्ही नका करू. खुणेसाठी मी नर्मदेचा काठ धरला होता, आणि काही केल्या जुळेना, कारण सरदार सरोवराचं पाणी मागे चढल्यावर निमाडात काठ कुठे पूर्वीच्या जागी राहिलेत. रेल्वे स्टेशन धरा, किल्ला धरा, टेकडीचं टोक धरा. महू स्टेशन आणि सेंधव्याचा किल्ला धरल्यावर बरंच जमलं. तरी थोडं सरकलेलं दिसतंच, स्केलच तेवढं आहे, शेतातल्या पायवाटेइतकी बारीक अपेक्षा ठेवू नका.

बारीक पाहायचं तर सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज मॅप आहेत, १:५०,०००, पीडीएफ, २०१७पासून फुकट डाउनलोड होतात. फक्त जुना टोपोशीट नंबर (इंदूर-महूचा भाग ४६ एन मध्ये येतो) तिथे टाकून उपयोग नाही, नव्या सिरीजचे नंबर वेगळे आहेत, माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

नंबरवरून आठवलं. २०१०मध्ये हायवेंचे नंबर बदलले, त्यामुळे आपला एनएच ३, म्हणजे हाच एबी रोड, इंदूर ते धुळे आता ५२ आहे आणि धुळे ते नाशिक ६०. जुने फोटो, जुनी प्रवासवर्णनं शोधायची तर ३ टाका, नाहीतर अर्धा माल सापडतच नाही.

रस्त्यावर असताना ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप. ओपनस्ट्रीटमॅपचाच (लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा) डेटा, पूर्ण ऑफलाइन, बिजासन घाटात माझ्या फोनला रेंज नव्हती तरी व्यवस्थित चाललं. घरी बसून ओव्हरपास टर्बो या साइटवर मैलाच्या दगडांचा टॅग टाकून शोधता येतं. माझ्या पट्ट्यात जवळपास काहीच निघालं नाही, कारण कोणी टाकलेलंच नाही, मग आता मीच टाकतोय. आतापर्यंत चार, त्यातला एक पंक्चरवाल्याचं स्टूल झालाय.

आणि गॅझेटियर, म्हणजे ब्रिटिशांच्या काळचे त्या त्या भागाची माहिती देणारे सरकारी ग्रंथ! हे कोणी सांगत नाही. इंपीरियल गॅझेटियर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे, त्यात कळलं की मानपूर हा चक्क ब्रिटिशांचा वेगळा परगणा होता, चारी बाजूंनी संस्थानं आणि मधे हा एवढासा तुकडा. म्हणजे आपण जिथे कचोरी खायला थांबतो तिथे तेव्हा राज्य बदलायचं. बिजासन उतरलं की खानदेश, त्यासाठी १८८०चा खानदेश जिल्ह्याचा खंड, त्यात रस्त्यांबद्दलही भरपूर आहे. शोधताना स्पेलिंग जुनं टाका, धुळे तिथे धुलिया असतं आणि नर्मदा नर्बदा. स्कॅनमधली अक्षरंही कधीकधी कचरा असतात, तेव्हा सर्चवर भरवसा न ठेवता पानं चाळा.

एवढं सगळं करून गुजरीच्या अलीकडे एक तुकडा मला कुठल्याच नकाशात लागेना. चहावाल्याला विचारलं तर तो न बघताच म्हणाला, "जूना रोड? वो पीपल के पीछे से है ना भिया." गेलो तर खरंच होता, गवतातून डोकावणारं डांबर, दोन बकऱ्या आणि एक तुटका कठडा. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, इथे नव्हतं रे, आमची बस याच्या पुढे थांबायची.

आता पाऊस संपला की पुढचा पट्टा, सोनगीर, धुळे, लळिंग करत चांदवडपर्यंत, तिथला अहिल्याबाईंचा रंगमहाल पाहायचाय. बाबा येतो म्हणतायत, म्हणजे बाईक नाही, गाडी काढावी लागणार.