बोटांच्या टोप्या, आठ महिने वापरून

वडिलांची एचएमटी जनता, म्हणजे चावीचं मनगटी घड्याळ, गेल्या एप्रिलमध्ये मीच साफ करून जोडली होती. सप्टेंबरात ती मागे पडायला लागली म्हणून झाकण उघडलं, तर मेनस्प्रिंगच्या डब्यावरच्या मोठ्या स्टीलच्या चाकावर तांबूस ठसा. रेषांसकट. अंगठा माझाच! घामात मीठ, वर ठाण्याची जुलैतली हवा. गंजाला आणखी काय हवं?

आधी नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे आणले. मशीन उघडं असताना पंखा बंदच ठेवावा लागतो, त्यामुळे दहा मिनिटांत मोज्यात घामाची तलावपाळी. त्यात बोटाच्या टोकाशी राहिलेली सैल चुणी चिमट्यात सापडली आणि ब्रिजचा, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीचा, स्क्रू टुणकन उडाला. स्पीकरचं लोहचुंबक फिरवून कपाटाखालून काढला, मग त्याच स्क्रूचं चुंबकत्व उतरवत बसलो. ते मोजे आता मिरच्या चिरायला कामी येतात.

मग फिंगर कॉट, म्हणजे एकेका बोटाला चढवायच्या रबरी टोप्या. पहिलं पाकीट पावडरवालं आलं, चूक माझीच, नीट वाचलं नाही. काळ्या डायलवर पांढरे कण भिंगाशिवायही दिसत होते. ही पावडर तेलात गेली की तिचा चिखल होतो. तेव्हा बिनपावडरच्याच घ्या. माप बघून घ्या, अंगठ्याला मोठं लागतं. घट्ट झाली तर कडेची गुंडाळी बोटाला करकचून बसते, अर्ध्या तासात शेंडा पांढरा पडतो. पाऊण तासाने काढून बोटं पुसायची आणि नव्या घालायच्या, एवढं मी ठरवून टाकलंय.

दहाही बोटं झाकायची गरज नाही. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, बस. उजव्या हातात चिमटा असतो, तो मोकळाच बरा. हातावर चिमट्याचा दाब नीट कळतो.

जांभळी नाक्याजवळचे एक जुने कारागीर माझ्या टोप्या बघून हसले. "मशिनला बोट लावायचंच कशाला? कडेने धर." ते उघड्या हातांनीच काम करतात, आणि त्यांच्या कामावर ठसा दिसत नाही. माझा हात तेवढा तयार नाही.

एक गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली. टोपी आतला घाम अडवते, बाहेर लागलेला नाही. चष्मा नाकावर सरकवला आणि त्याच बोटाने डायल उचलली, की ठसा उमटलाच. आता चष्मा मनगटाने ढकलतो. बायको म्हणते, मांजर तोंड धुतं तसं दिसतं.

व्हाइट पेट्रोलमध्ये पार्ट धुताना लेटेक्सची टोपी चालत नाही, फुगून लोंबायला लागते. तिथे नायट्राइलची घालतो, नाहीतर सरळ चिमट्यानेच.

जनता परवा पुन्हा उघडली. नवा डाग नाही. चाक घासून बसवलं होतं, तरी जुन्या ठशाच्या दोन रेषा भिंगातून अजून दिसतात.