मॉलमधलं नाट्यगृह: आठ महिने येऊन-जाऊन

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या या इमारतीत खाली दोन मजले दुकानं, तिसऱ्यावर फूड कोर्ट आणि त्याला लागूनच साडेसहाशे खुर्च्यांचं नाट्यगृह आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला तारीख मागायला पुन्हा त्याच ऑफिसात जायचंय. मी गाण्याचे क्लास घेते. गेल्या आठ महिन्यांत तिथे प्रेक्षक म्हणून अकरा कार्यक्रम ऐकले, आयोजक म्हणून दोन केले. किराणा, चपला, नातवाचे कपडे यासाठी किती वेळा गेले त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

आधी चांगलं सांगते. हॉल घुमत नाही. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवरही शब्द स्वच्छ ऐकू येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली या गावात नाटक उभं केलं, तेव्हापासून इथला प्रेक्षक शब्द गिळलेला खपवून घेत नाही, मागून "आवाज!" अशी हाळी येतेच. या हॉलमध्ये ती मी एकदाही ऐकली नाही. पण बोलण्याला सोयीची खोली आणि गाण्याला सोयीची खोली यांत फरक असतो. बोललेला आवाज साधारण सेकंदाभरात विरला तर शब्द सुटे राहतात; गाण्यात स्वर त्याहून थोडा रेंगाळलेला बरा वाटतो. इथे जाड गालिचा, गुबगुबीत खुर्च्या, भिंतींना कापडाचे पॅनेल, त्यामुळे नाटक उत्तम, नाट्यसंगीत छान आणि ख्यालगायन मात्र जरा कोरडं. तार सप्तकातला, म्हणजे वरचा सा लावून सोडला की तो तिथेच खाली बसतो. साउंडवाला जाणकार असेल तर थोडा रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने दिलेला घुमारा, देऊन सांभाळून घेतो. नसेल तर इतका देतो की बाथरूममध्ये गातोय असं वाटतं.

आता मुख्य दुखणं. माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला एक मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून गात होती. तानपुरे मीच मिळवले होते, विंगेत बसून मिळवले तेव्हा अगदी चोख लागले होते. रंगमंचावर नेल्यावर मात्र खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार लबाडी करायला लागली. सा लागतोय, पण स्थिर राहत नाही, थरथरतोय. दोनदा खुंटी पिळली, मणी सरकवला, घोडीवरचं सूत पुन्हा बसवलं. फरक नाही. शेवटी तानपुऱ्यावर हात ठेवून तारा बंद केल्या, तेव्हा कळलं की खोलीच गातेय. डाव्या विंगेच्या भिंतीपलीकडे फूड कोर्टाचे एक्झॉस्ट पंखे आणि एसीचे कॉम्प्रेसर आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, तिच्यावर चालणारी मोठी मोटार बहुतेक वेळा त्याच्या दुपटीत, म्हणजे १०० हर्ट्झला गुणगुणते. पेटीवर शोधलात तर हा स्वर खर्जात पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे येतो. काळी चारचा खर्ज १०४ च्या आसपास. म्हणजे भिंत आमच्याच ‘सा’च्या जरा खाली, बेसूर सा धरून बसली होती आणि दोघांची टक्कर होऊन सेकंदाला चारएक ठोके पडत होते. थरथर तीच. मुलीला ऐनवेळी पट्टी बदलायला लावणं शक्य नव्हतं. तिने डोळे मिटून निभावलं, आणि मी पुढचा पाऊण तास त्या भिंतीकडे बघत काढला.

ऑफिसात सांगितलं तर तिथल्या गृहस्थांनी फार नम्रपणे "मॅडम, आम्हाला तर काही ऐकू येत नाही" म्हटलं. खोटं नव्हतं ते. तिथे रोज बसणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावलेला आहे. पण आवाज हवेतून येत असता तर दाराला जाड पडदे लावून भागलं असतं. हा सिमेंटमधून येतो. यंत्रं रबराच्या पायांवर बसवायची, हॉलची जमीन आणि भिंती मुख्य सांगाड्यापासून सुट्या ठेवायच्या, खोलीच्या आत खोली करायची, हे सगळं बांधतानाच करायचं काम आहे. मोठ्या शहरांत करतात तसं. सिंगापूरच्या एस्प्लनेडमध्ये १६०० खुर्च्यांचा संगीताचा हॉल आणि दुकानं एकाच छपराखाली २००२ पासून नांदताहेत. आपल्याकडे आधी दुकानांचे गाळे विकले गेले आणि उरलेल्या जागेत रंगमंच बसवला, असा माझा संशय आहे.

तानपुऱ्यांचं निघालंच आहे तर वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. एसी कडक असतो. माझे दोन्ही तानपुरे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याच्या कितीतरी आधी घेतलेले. भोपळा आणि लाकूड हवेप्रमाणे हलतं. बाहेरच्या दमट हवेतून आणून पंधरा मिनिटांत मिळवलेला तानपुरा मध्यंतरापर्यंत टिकत नाही. एसी सुरू करून घ्या, वाद्यं तासभर आधी रंगमंचावर नुसती ठेवा, मग मिळवा. एसी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच सुरू करतो, असं सांगतील. तासाचे पैसे जास्त द्यावे लागले तरी द्या.

प्रेक्षकांसाठी सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे वेळ. मॉलचं घड्याळ वेगळं आणि गाण्याचं वेगळं. साडेनऊला दुकानांची शटर्स खाली येतात, सरकते जिने बंद होतात, दोन लिफ्टपैकी एक बंद होते. कार्यक्रम सुटतो सव्वादहाला. मग साडेसहाशे माणसं आणि एक लिफ्ट. माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, पण मिरजेची. लहानपणापासून दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणातल्या मैफली मांडी घालून ऐकत आलेली, त्यामुळे गाणं असलं की येणारच. लिफ्टची रांग बघून म्हणाली, जिन्याने जाऊ. साधा जिना दुसऱ्या टोकाला आणि त्याच्या दाराला कुलूप. म्हणून बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून उतरायला लागलो. ज्यांनी ते केलंय त्यांना ठाऊक आहे, त्याच्या पायऱ्या नेहमीपेक्षा उंच, आणि पहिल्या-शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांची उंची अचानक बदलते. पाय अंदाजाने पडतो आणि फसतो. एका हातात कठडा, एका हातात मी, मागून लोकांचा रेटा. खाली पोचल्यावर आत्या म्हणाली, "गाणं वर झालं, भैरवी जिन्यात झाली."

दहाचा नियम त्याच ऑफिसातून ऐकायला मिळतो. "दहाला माइक बंद, कायदा आहे." रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर बंदी घालणाऱ्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंद सभागृहाला सवलत आहे, हे मी त्यांना एकदा वाचून दाखवलं. ते हसले. खरं कारण सुरक्षारक्षकांची पाळी दहाला बदलते हे आहे, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं.

मध्यंतराबद्दल काय लिहू! नाट्यगृहात मध्यंतराला बटाटेवडा मिळत नाही हे आत्याच्या पिढीला मानवण्यासारखं नाही. बाहेरचं खाणं आत आणायचं नाही, अशी पाटी आहे. फूड कोर्टात पिझ्झा आहे, मोमो आहेत, तीन प्रकारचं चाट आहे. वडा एका काउंटरवर मिळतो, नव्वद रुपयांना दोन, ते पण मायक्रोवेव्हमधून निघालेले, कव्हर मऊ आणि आत भट्टी. चहा कागदी कपात, तीन घोटांत संपतो. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात टोकन घ्या, रांगेत उभे राहा, नंबर पुकारेपर्यंत थांबा. तिसरी घंटा होते आणि निम्मा हॉल अजून टोकन हातात धरून बाहेर असतो. मी आता पर्समध्ये भडंगाची पुडी ठेवते. दारात तपासणी करणाऱ्या मुलीला दिसते, ती बघून न बघितल्यासारखं करते.

आणि ती सूचना! कॉरिडॉरमधले मॉलचे स्पीकर हॉलच्या दारांबाहेरच आहेत. एका संध्याकाळी विलंबित एकतालात आलाप अगदी ऐन रंगात, सगळे श्वास धरून बसलेले, आणि बाहेरून, "एमएच दहा, पांढरी स्विफ्ट, मालकांनी कृपया गाडी बाजूला घ्यावी." तीन रांगांतून पाच-सहा पुरुष उठले. गायकाने समेवर येऊन हसत विचारलं, "माझी तर नाही ना?" टाळी त्यालाच सगळ्यात मोठी पडली. त्यानंतर मी दोनदा लेखी विनंती केली की कार्यक्रम असेल तेव्हा त्या मजल्याचे स्पीकर बंद ठेवा. दुसऱ्या अर्जानंतर ठेवायला लागले. तेवढं श्रेय द्यायला हवं.

पार्किंग बेसमेंटला. पहिल्या दोन तासांना तीस रुपये, पुढे तासाला वीस. तीन तासांच्या कार्यक्रमाला आधी-नंतर धरून पन्नास-सत्तर होतात. पैशाचं फारसं नाही, पण सांगलीत बेसमेंट म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. ही इमारत नदीपासून लांब आहे, त्या भागात तेव्हा पाणी आलं नव्हतं. तरीही यंदा जुलैत कोयना धरणातून विसर्ग वाढल्याचे मेसेज सुरू झाले, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी पस्तीस फुटांच्या पुढे गेली, आणि मॉलवाल्यांनी बेसमेंट बंद केलं. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. पावसाचं पाणी गटारांतून उलटं येतं, पंप कमी पडतात, असं कारण दिलं आणि ते पटण्यासारखं होतं. पण मग गाड्या कुठे लावायच्या, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. त्या शनिवारचं नाटक अर्ध्या हॉलपुढे झालं. पावसाळ्यात तिकीट काढताना आधी पुलाची पातळी बघा, मग खुर्ची निवडा.

दुकानांबद्दल थोडक्यात. किराण्याचं सुपरमार्केट चांगलं, भाजी महाग, हळद आणि बेदाणे मात्र इथे घेऊ नका. सांगलीत राहून पाकीटबंद हळद घेण्यात अर्थ नाही. पहिल्या मजल्यावरचं चपलांचं दुकान बदलून देताना कटकट करत नाही. पहिल्या मजल्यावरची स्वच्छतागृहं हॉलच्यापेक्षा चांगली आहेत, पण वर सांगितलं तसं, साडेनऊनंतर तीही बंद.

हॉलचं बुकिंग करणाऱ्यांनी तिकीट पाचशेच्या आत ठेवलं तर संगीत-नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, हे ऑफिसवाले आपणहून सांगत नाहीत. मी पहिल्या वेळी साडेपाचशे ठेवलं होतं. आता चारशे ठेवते, लोकही जास्त येतात.

इतकं सगळं असून मी तिथेच का जाते, असं यांनी मला परवा विचारलं. दुसऱ्या कार्यक्रमामुळे. संध्याकाळच्या सगळ्या तारखा गेल्या होत्या म्हणून नाइलाजाने रविवार सकाळ घेतली, सात ते दहा. भाडं संध्याकाळच्या निम्मं. मॉल अकराला उघडतो. आत गेलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये फक्त झाडू मारणारी बाई होती. फूड कोर्ट बंद, त्याचे पंखे बंद, कॉम्प्रेसर बंद. तानपुरे लावले आणि मी भिंतीकडे कान करून थांबले. भिंत गप्प होती. त्याच मुलीने काळी चारमध्येच तोडी हा सकाळचा राग घेतला, आणि खर्ज असा निश्चल राहिला की मिळवलेल्या तानपुऱ्यातून आपोआप निघणारा गंधार (ग) ऐकू यायला लागला. हॉलच्या एसीचं तापमान मी मुद्दाम दोन अंश वाढवून घेतलं होतं. पाऊणशे माणसं होती, तरीही थोडी थंडी वाजणारी, पण कुणी उठलं नाही. थर्मासमधला चहा आत न्यायला कुणी अडवलं नाही, कारण अडवणारं कुणी आलंच नव्हतं. दहाला संपलं तेव्हा बेसमेंटमध्ये आमच्याच गाड्या होत्या.

डिसेंबरचे दोन रविवार मी घेतलेत. कुणाला सकाळची वेळ घ्यायची असेल तर एवढंच लक्षात ठेवा: पुढचं काचेचं दार दहाआधी उघडत नाही, मागच्या बाजूच्या सामानाच्या लिफ्टने जावं लागतं. त्या लिफ्टची किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडे असते आणि तो सहाला घरी जातो. आदल्या दिवशी त्याला गाठून सांगून ठेवा, काका थांबतात.